टाक्या आल्या, बिअर यायची आहे

खराडीत, बाणेरला किंवा वाकडला एखाद्या नव्या इमारतीच्या तळमजल्यावर हिरवं कापड लावून काम सुरू झालं, तर सुरुवातीला कुणी फारसं लक्ष देत नाही. फर्निचरचं दुकान असेल, जिम असेल, नाहीतर आणखी एक डोशाचं हॉटेल. मग एके सकाळी रस्त्याच्या कडेला ट्रेलर लागतो, क्रेन येते आणि माणसाच्या दुप्पट उंचीच्या, निमुळत्या बुडाच्या स्टीलच्या टाक्या एकेक करून आत उतरवल्या जातात. सकाळी फिरायला निघालेली मंडळी थबकतात. "काय येतंय हो इथं?" असं कुणीतरी वॉचमनला विचारतं, आणि वॉचमन सांगतो, "बिअरचं काहीतरी आहे म्हणतात."

तिथून पुढचे काही महिने त्या परिसराला दुसरा विषय नसतो. लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, सोसायटीच्या सभेत दोनच प्रश्न घोळत राहतात. एक, उघडणार कधी? दुसरा, परवानगी दिली कुणी? बऱ्याचदा हे दोन्ही प्रश्न एकाच घरातून येतात; एक मुलाचा, दुसरा आईचा. टाक्या आत गेल्यापासून पहिला ग्लास भरेपर्यंतचा हा काळ मला फार महत्त्वाचा वाटतो. परिसराला आपल्या शेजारी काय हवं आणि काय नको, हे इतक्या उघडपणे एरवी क्वचितच बोललं जातं.

ब्रूपब म्हणजे बिअर जिथं तयार होते तिथंच बसून प्यायची जागा. काचेपलीकडे टाक्या दिसतात, अलीकडे टेबलं असतात. बाटलीतली बिअर कारखान्यातून निघून गोदामं, ट्रक, दुकानं करत आपल्यापर्यंत येते. तो प्रवास सोसावा म्हणून ती बहुतेक वेळा गाळलेली आणि पाश्चराइज केलेली असते. इथली बिअर टाकीतून नळाला आणि नळातून ग्लासात येते. तिच्यात कधी यीस्टचा गढूळपणा असतो, कधी केळ्यासारखा वास असतो, आणि ती फार दिवस टिकत नाही. त्यामुळे ती जवळच प्यावी लागते, आणि ब्रूपब हा धंदा मुळातच परिसराच्या जिवावर चालतो.

पुणेकरांना ही वाट पाहणं नवीन नाही. २००९ मध्ये उंड्रीच्या कोरिंथियन्स क्लबमध्ये 'डूलाली' सुरू झालं, तेव्हा देशात असा प्रयोग करणारी ठिकाणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ते उभं केलं आणि बिअर बनवायला जर्मनीचे ऑलिव्हर शाउफ आले. लोकांच्या आधी त्यांना सरकारी कागदांची वाट पाहावी लागली. महाराष्ट्रात आजही मद्याचा सगळा कारभार १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली चालतो. बंदी हा नियम आणि परवाना हा अपवाद, अशी त्याची रचना आहे. पिणाऱ्यालाही परवाना लागतो, आणि तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आयुष्यभराचा मिळतो. आपल्याकडच्या बारना 'परमिट रूम' हे नाव पडलं ते याच व्यवस्थेतून. त्या काळी बिअर बनवणं म्हणजे औरंगाबादच्या एमआयडीसीतला मोठा कारखाना, हेच चित्र सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होतं. हॉटेलच्या एका कोपऱ्यात थोडी थोडी बिअर तयार होणार, तिच्यावर शुल्क कसं मोजायचं, टाकीतून नळाला किती गेली हे कोण बघणार, हे प्रश्न नवेच होते. त्यांची उत्तरं सापडत गेली तशी पुण्यातली यादी वाढली. मुंढव्यात 'इंडिपेंडन्स ब्रूइंग कंपनी' आली, कोरेगाव पार्कात 'एफिंगट' आलं, आणि मग लोण बाणेर-बालेवाडीपर्यंत पोचलं.

मुंबईला पहिलं ब्रूपब मिळालं लोअर परळला, मथुरादास मिल कंपाउंडमध्ये. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातून आलेल्या ग्रेग क्रॉइट्श यांचं 'द बार्किंग डिअर' २०१३ मध्ये नावारूपाला आलं. बिअर बनवण्याचा परवाना हाती येईपर्यंत तिथं दुसऱ्यांचीच बिअर विकावी लागत होती. नावात ब्रूपब, आणि नळाला स्वतःची बिअर नाही! गिऱ्हाईक येऊन विचारायचं आणि जे असेल ते पिऊन जायचं. ती जागा कोणती होती, हेही विसरता येत नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा गिरणगावातल्या सुमारे अडीच लाख कामगारांनी काम थांबवलं आणि त्यातले बहुतेक पुन्हा कधी गिरणीत गेले नाहीत. त्यांच्या मुला-नातवंडांनी त्याच आवारांमध्ये काचेची ऑफिसं आणि महागडी हॉटेलं उभी राहताना पाहिली. तिथं नवं काही उघडलं की वाट कोण पाहतं आणि खिडकीतून नुसतं बघत कोण राहतं, हा प्रश्न परळमध्ये फार टोकदार होतो. पुण्याच्या उपनगरांतही तो आहे. ब्रूपबमधल्या दोन ग्लासांच्या पैशांत कोपऱ्यावरच्या खानावळीत तीन-चार माणसं पोटभर जेवतात. 'परिसराची जागा' असं आपण म्हणतो, तेव्हा त्या परिसरात वॉचमन, धुणंभांडी करणाऱ्या मावशी आणि रिक्षावालेही राहतात, याची आठवण मला स्वतःला सारखी द्यावी लागते.

आता टाक्यांकडे वळू. कारण उशीर का होतो, हे बाहेर उभं राहून कळत नाही आणि त्यातूनच अफवा उठतात. परवाना अडकला, भागीदार भांडले, पैसे संपले. यातलं काही खरंही असू शकतं. पण सगळं सुरळीत असलं तरी बिअर आपला वेळ घेतेच.

नवी टाकी आली म्हणून लगेच तिच्यात काही ओतत नाहीत. आतून कॉस्टिकने धुणं, मग आम्लाने धुणं, वेल्डिंगच्या जागी काही राहिलं नाही ना हे पाहणं, मग नुसतं पाणी फिरवून सगळे पाइप, पंप आणि थंड करण्याची यंत्रणा तपासणं, यात दिवस जातात. पाण्याचं गणित वेगळंच असतं. खडकवासल्याचं पाणी तसं मृदू. त्यावर हलक्या रंगाच्या बिअरचं काम सोपं जातं. पण उपनगरांत नळाला पुरेसं पाणी येईल याची खात्री नसते. टँकर आणि बोअरवेलवर भागवायचं तर त्या पाण्याचा जडपणा आधी काढावा लागतो. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे इथली चूक पुढं कशानेही झाकत नाही.

मग पहिली बॅच. मोड आणून वाळवलेलं बार्ली किंवा गव्हाचं धान्य, म्हणजे माल्ट, जाडसर भरडून साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर मुरवतात. याला ब्रुअर 'मॅश' म्हणतात. या तापमानाला धान्यातल्याच विकरांमुळे पिठुळपणाची साखर होते. दोन-तीन अंश वर गेलं तर बिअर अंगाने जड होते, खाली आलं तर कोरडी. मग चोथा मागे ठेवून गोड रस वेगळा काढायचा. हा वर्ट. तो तासभर किंवा जास्त उकळायचा आणि त्यात हॉप्स टाकायचे. आधी टाकले तर कडवटपणा येतो, शेवटी टाकले तर वास राहतो. आपल्याकडे हॉप्स बहुतेक बाहेरूनच येतात, जर्मनीहून किंवा अमेरिकेतून. एकेकाळी हिमाचलच्या लाहौलमध्ये शेतकरी ते पिकवत असत. उकळी झाली की वर्ट झटकन थंड करायचा. पुण्यातल्या मे महिन्यात साध्या पाण्याने हे काम होत नाही, थंड केलेलं पाणी लागतं. इथून पुढे सगळं यीस्टच्या हाती. घरात विरजण लावणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात ते लवकर लागतं आणि आंबटही होतं, थंडीत डब्याला फडकं गुंडाळावं लागतं. सांभाळायची असते ती ऊब.

एल प्रकारची बिअर १८ ते २२ अंशांच्या आसपास आंबते. आठवड्याभरात साखर संपत आली की टाकी थंड करून तिला निवू द्यायचं. सगळं धरून दोन-तीन आठवडे. लागर १० ते १२ अंशांवर, तिला महिना-दीड महिना आरामात लागतो. म्हणून बहुतेक नवी ब्रूपब पहिल्या दिवशी गव्हाची हेफेवाइझेन आणि एखादी हलकी एल घेऊन उघडतात. हेफेवाइझेन लवकर तयार होते, ताजीच चांगली लागते आणि बिअर न पिणाऱ्यालाही आवडते. तिला येणारा केळ्याचा आणि लवंगेचा वास कुणी वरून घातलेला नसतो. त्या यीस्टचीच ती किमया. टाकी थोडी गरम राहिली तर केळं वरचढ होतं, थोडी गार राहिली तर लवंग.

या दोन-तीन आठवड्यांत मालकाच्या जिवाची काय घालमेल होत असेल, याची कल्पना करून बघा. जागेचं भाडं सुरू झालेलं, आचारी आणि वेटर पगारावर घेतलेले, परवान्याची फी भरलेली, आणि उत्पन्न शून्य. बाहेर लोक विचारतायत. अशा वेळी कुणीही ब्रुअरला म्हणेल, "दोन दिवस आधी काढली तर काय बिघडतं?" बिघडतं. कच्ची बिअर जिभेला कळते. तिच्यात लोण्यासारखा वास राहतो, कारण आंबताना तयार झालेलं डायअसेटिल यीस्टने परत खाऊन टाकायला वेळ मिळालेला नसतो. पहिली बॅच जमली नाही तर ती सरळ गटारात सोडायची तयारी असणारा मालक मला फार मोठा वाटतो. हजार लिटर ओतून द्यायला छाती लागते. ब्रुअर जाणता असेल तर तो मालकाला हे आधीच सांगून ठेवतो. असे जाणते लोक आता आपल्याकडेही घडू लागले आहेत. पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाइन, ब्रूइंग आणि अल्कोहोल तंत्रज्ञान शिकवलं जातं. साखर कारखान्यांसाठी उभ्या राहिलेल्या संस्थेतून शिकलेली खेड्यापाड्यांतली मुलं-मुली उद्या शहरातल्या टाक्या सांभाळतील, ही गोष्ट मला मनापासून आनंद देते.

मघाचा दुसरा प्रश्न बाकी आहे. परवानगी दिली कुणी?

तो विचारणाऱ्यांना मागासलेले म्हणून बाजूला सारण्याची पद्धत पडली आहे. ती मला मान्य नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला भरधाव पोर्श गाडीने दुचाकीला धडक दिली आणि चोवीस वर्षांचे दोन अभियंते जागच्या जागी गेले. गाडी चालवत असल्याचा आरोप असलेला मुलगा सतरा वर्षांचा होता, आणि त्याआधी तो मित्रांबरोबर शहरातल्या पबमध्ये बसला होता, असं तपासात समोर आलं. महाराष्ट्रात बिअर प्यायला एकवीस वर्षं पुरी लागतात. त्या घटनेनंतर राज्य उत्पादन शुल्क विभागाने पुण्यातल्या अनेक पब-बारवर कारवाई केली. पण पुण्यातल्या आईबापांच्या मनात जे बसलं, ते अशा कारवाईने निघण्यासारखं नाही. त्याआधी, २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिल्सच्या आवारातल्या गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागून चौदा जण मेले होते. आपल्या इमारतीखाली बार येणार म्हटल्यावर कुणी अग्निशमनाचा दाखला मागितला, जिन्यावर सामान ठेवलंय का हे बघितलं, तर ती कटकट म्हणता येणार नाही.

आणि महाराष्ट्रात या विरोधाला स्वतःची मोठी परंपरा आहे. गावोगावी बायकांनी मतदान करून दारूची दुकानं बंद पाडली आहेत. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. ज्या घरात पगाराच्या दिवशी मार बसतो, तिथल्या बाईच्या हातात हा शिक्का फार मोलाचा आहे. मार्च २०२५ मध्ये राज्य सरकारने विधिमंडळात जाहीर केलं, की गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात बिअर किंवा दारूचं नवं दुकान काढायचं तर सोसायटीचं ना हरकत पत्र लागेल. ब्रूपबवाले या सगळ्याकडे अडथळा म्हणून बघतात. त्यांनी त्याच बायकांना, त्याच सोसायटीच्या सभेला, टाक्या बसवण्याआधी भेटावं, असं मला वाटतं. स्पीकर किती वाजता बंद होणार, गाड्या कुठं लागणार, रात्री माणसं घरी कशी जाणार, ओळखपत्र बघणार का, धूर कुणाच्या स्वयंपाकघरात जाणार. या प्रश्नांची उत्तरं उघडण्याआधी दिली तर ती आश्वासनं ठरतात. उघडल्यावर दिली तर तक्रारीवरचे खुलासे. रहिवासी भागात रात्री आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. वरच्या मजल्यावर झोपलेल्या तान्ह्या बाळाला तीही जास्तच.

आणि तरीही मुलं-मुली वाट बघत असतात. मुलंच कशाला, पन्नाशीचे जोशी-कुलकर्णीही बघत असतात, फक्त ते बोलून दाखवत नाहीत. त्याचं कारण मला बिअरमध्ये थोडंच सापडतं. जुन्या पुण्यात बसायला जागा होत्या. १९३५ पासून फर्ग्युसन रस्त्याच्या तोंडाशी 'गुडलक' आहे. 'वैशाली' आहे, अमृततुल्यं आहेत, पारावर आणि नदीकाठी कट्टे होते. एका चहावर दोन तास बसता येत असे. जी गावं बघता बघता शहरात आली, त्या बाणेर, बालेवाडी, खराडीत रस्ते आले, टॉवर आले, मॉल आले. निवांत बसायची जागा कुणाच्या आराखड्यात नव्हती. तिथं राहणारी माणसं नागपूरहून, लातूरहून, इंदूरहून नोकरीसाठी आलेली. शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे त्यांना कुरिअरच्या पाकिटावरून कळतं. अशा ठिकाणी चालत जाऊन चालत परत येता येईल, अशी एक जागा उघडणार म्हटल्यावर माणसं हुरळली, तर त्यात नवल नाही.

बायकांच्या बाबतीत तर हे आणखीच खरं आहे. परमिट रूमला मागच्या बाजूने 'फॅमिली रूम' असते. पडदा, मंद दिवा, आणि तिथं बाई बसली तर वेटरपासून सगळ्यांची नजर. ब्रूपबचा दर्शनी भाग काचेचा असतो, रस्त्यावरून आतलं सगळं दिसतं, कामावरून सुटलेल्या चार मैत्रिणी मधल्या टेबलावर बसतात आणि कुणी वळून बघत नाही. मुंबईतल्या डूलालीच्या टॅपरूममध्ये टेबलांवर बोर्ड गेम मांडलेले असतात; तिथं नुसतं खेळायला आणि खायलाही लोक येतात. ज्याला प्यायचं नाही त्यालाही तिथं तासभर मानाने बसता येतं. ज्या जागेत हे जमतं ती जागा परिसराला हवीशी होते.

चवीच्या बाजूनेही आपल्या लोकांनी काम सुरू केलं आहे. पुण्याच्या 'ग्रेट स्टेट एलवर्क्स'ने मीठ घालून कोकमाची एल काढली. कोकणातल्या माणसाला ती पहिल्याच घोटाला ओळखीची वाटेल. 'मूनशाइन मीडरी'ने पुण्यातच मध आंबवून मीड तयार केली. ज्या मुलखात नाचणीची आंबील पिढ्यान्‌पिढ्या रात्रभर आंबवून पहाटे शेतावर नेली जाते, त्या मुलखात नाचणी, ज्वारी, जांभूळ, गूळ टाक्यांत जायला हवेत, आणि नुसते नावापुरते नकोत. गव्हाचं माल्ट परदेशातून आणून वर आंब्याचा गर ओतला की बिअर 'देशी' होत नाही. ज्वारीचं चांगलं माल्ट इथं तयार झालं तर सोलापूरच्या शेतकऱ्याला एक नवं गिऱ्हाईक मिळेल.

पाण्याबद्दलही बोलायला हवं. एक लिटर बिअरमागे धुणं, थंड करणं धरून चार ते सात लिटर पाणी जातं, छोट्या ठिकाणी त्याहून जास्तही. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांचं पाणी कापायला लावलं होतं. ब्रूपबचा वापर त्या मानाने किरकोळ. पण ज्या सोसायटीत दिवसाआड टँकर येतो, तिथं शेजारच्या टाक्यांना पाणी कुठून येतं हे विचारलं जाणारच, आणि मालकाकडे त्याचं उत्तर असायला हवं. चोथ्याची सोय मात्र चांगली लागते. उरलेलं ओलं धान्य गोठेवाले घेऊन जातात, म्हशी आवडीने खातात.

मग एक दिवस हिरवं कापड उतरतं. आधी ओळखीच्यांना बोलावून स्वयंपाकघराची आणि नळांची रंगीत तालीम होते, मग शुक्रवार-शनिवार बघून उद्घाटन. पहिल्या आठवड्यात दाराबाहेर रांग असते, जेवण उशिरा येतं, हेफेवाइझेन शनिवारी रात्रीच संपते आणि रविवारी येणाऱ्यांना पुढच्या बॅचची तारीख ऐकून परत जावं लागतं. पुढची टाकी तयार नसताना "संपली" असं सरळ सांगणाऱ्या ब्रूपबकडे मी विश्वासाने परत जातो. महिनाभर शहरभरातून माणसं येतात, फोटो काढतात, आणि मग त्यांना दुसरीकडे काहीतरी नवं सापडतं.

माझी उत्सुकता त्यानंतरच्या एखाद्या मंगळवारबद्दल असते. तेव्हा आत बसलेले लोक कोण आहेत, त्यातले किती चालत आलेत, वरच्या मजल्यावरच्या काकू कधी तरी थालीपीठ खायला खाली उतरल्यात का, दारावरचा माणूस अजून ओळखपत्र बघतो का. लागर एव्हाना तयार झालेली असते. पहिल्या आठवड्यात ती मिळाली नव्हती, म्हणून मी पहिली तीच मागवतो.